तीस कोटी क्रोना आणि बत्तीस आगबोटी

राष्ट्राच्या हाती अकस्मात पैसा आला म्हणजे त्याचे काय करावे, हा प्रश्न दारिद्र्याच्या प्रश्नाहून सोपा नसतो. आज मी आपणांस ज्या देशाची हकीकत सांगणार आहे, त्याची लोकसंख्या त्या वेळी अवघी सव्वा लाखाच्या आसपास होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. तो देश म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड. तेथे धान्य जवळजवळ पिकत नसे, अरण्ये नव्हती, खाणी नव्हत्या. जे काय होते ते समुद्रात.

जाळे ओढीत नेणारी, स्वतःकरिता बांधवून घेतलेली पहिली आगबोट आइसलंडच्या लोकांना १९०७ साली मिळाली. स्वातंत्र्याचे पुढारी योन सिगुर्दसन यांच्या स्मरणार्थ तिचे नाव 'योन फोर्सेती' असे ठेवण्यात आले होते. १९२८ साली ती खडकावर आपटून फुटली आणि पंचवीस खलाशांपैकी पंधरा बुडाले. या बोटींवरील जीवन किती खडतर होते हे एका कायद्यावरून ध्यानी येईल. मासळी लागली की खलाशांनी दिवसचे दिवस झोपेवाचून राबावे, अशी रीत होती. तेव्हा १९२१ साली तेथील विधिमंडळाने, म्हणजे आल्थिंगने, चोवीस तासांत निदान सहा तास विश्रांती दिलीच पाहिजे असे ठरविले. १९२८ मध्ये त्याचे आठ तास झाले, आणि बारा तास व्हावयास १९५५ साल उजाडावे लागले!

पुढे मंदी आली. नव्या बोटी घेण्यास पैसा उरला नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कोळशावर चालणाऱ्या बहुतेक बोटी म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्याच बोटींनी पाणबुड्यांच्या तोंडावरून ब्रिटनला बर्फातील मासळी पोचविली. काही बोटी माणसांसह परत आल्या नाहीत. परंतु मासळीची किंमत आणि बेटावर तळ देऊन राहिलेल्या दोस्त सैन्यांचा खर्च यांमुळे १९४४ अखेर देशाची परदेशी शिल्लक सुमारे ५८ कोटी क्रोना झाली. आपलीही स्टर्लिंगची शिल्लक त्याच सुमारास लंडनमध्ये साठत होती, हे आपणांस स्मरत असेलच.

१७ जून १९४४ रोजी आइसलंड प्रजासत्ताक झाले. त्याच सालच्या ऑक्टोबरात ओलाफुर थोर्स यांनी मंत्रिमंडळ बनविले. त्यात व्यापारी वर्गाचा पक्ष आणि समाजवादी पक्ष शेजारी शेजारी बसले, ही मोठी नवलाची गोष्ट होय. समाजवाद्यांचे पुढारी आयनार ओल्गेर्सन यांचे म्हणणे असे की, ही शिल्लक चैनीच्या मालात विरघळू देऊ नये. तिच्यातून उत्पादनाची साधने घ्यावीत. ते मान्य होऊन ३० कोटी क्रोना बाजूस काढण्यात आले, त्यांच्या विनियोगासाठी एक नवनिर्माण मंडळ नेमण्यात आले आणि ब्रिटिश गोद्यांकडे बत्तीस नव्या बोटींची मागणी नोंदविण्यात आली. सरकारने त्या खरेदी करून खाजगी कंपन्यांना आणि गावोगावच्या नगरपालिकांनाही दिल्या. बंदर होते पण बोट नव्हती अशा गावांस त्यामुळे रोजगार मिळाला.

१७ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांतील पहिली बोट रेक्याविकच्या बंदरात शिरली. बेटावर प्रथम वस्ती करणाऱ्या पुरुषाचे, इंगोल्फुर आर्नार्सनचे, नाव तिला दिले होते. त्याची पत्नी हाल्वेग हिच्या नावाची डिझेलवर चालणारी बोटही १९४९ साली आली. स्वागतास लोटलेल्या लोकांच्या ध्यानी एक गोष्ट क्वचितच आली असेल: ज्या मंत्रिमंडळाने ही बोट मागविली ते दोन आठवड्यांपूर्वीच पायउतार झाले होते, आणि ती शिल्लकही जवळजवळ संपली होती. आयातीवर कडक निर्बंध आले. तथापि बोटी राहिल्या. पैसा मात्र दुसऱ्या कोणत्याही रीतीने गेला असता तर काहीच राहिले नसते.

पण गोष्ट येथे संपत नाही. याही बोटी जुन्या झाल्या. १९७२ साली आइसलंडने आपली सागरी हद्द पन्नास मैल केली, १९७५ साली दोनशे. आणि परकी बोटी दूर जाताच सरकारने सढळ कर्जे देऊन, मागील बाजूने जाळे ओढणाऱ्या नव्या बोटींचा ताफा उभा केला. त्याच १९७५ साली शास्त्रज्ञांनी इशारा दिला की, कॉड मासा झपाट्याने घटत आहे. परक्यांनी सोडलेली जागा आपल्याच बोटींनी भरून काढली होती! शेवटी १९८४ साली प्रत्येक बोटीस मासळीचा वाटा ठरवून द्यावा लागला, आणि १९९०च्या कायद्याने तो वाटा विकण्याचीही मुभा दिली. तेव्हा काही लहान गावांचा वाटा धनवान कंपन्यांकडे गेला, आणि ज्या धक्क्यांवर सरकारने एकदा बोट आणून दिली होती त्यांतील काही पुन्हा ओस पडले.

१९४४ साली प्रश्न होता तो बोटींचा. पुढच्या पिढीपुढे उभा राहिला तो मासळीचा. राज्यकर्त्यांस जहाज नवे करिता येते, समुद्र नवा करिता येत नाही. पहिली गोष्ट करावयास तीन वर्षे पुरली. दुसरी समजावयास चाळीस लागली.