विजेरी आणि तिची निगा

दिव्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा उजेड किती वाढला याचाच हिशेब मांडतात. ऐन वेळी दिवा लागला की नाही, हा प्रश्न त्या हिशेबात मागे राहतो. हाती धरून नेण्याच्या दिव्याच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न मुख्य होय. कारण असा दिवा माणूस अडीनडीसाठी बाळगतो. फिरतीवर जाणाऱ्या, पूर-वादळांत बंदोबस्ताची जबाबदारी अंगावर घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी विजेरीचा इतिहास या दृष्टीने एकदा पाहून ठेवावा.

फ्रान्समधील लक्लांशे याने १८६६ साली बनविलेल्या विद्युत्‌घटात पातळ द्रावण असे. जर्मनीतील कार्ल गासनर याने १८८६-८७ च्या सुमारास तो घट कोरडा केला आणि वीज हातात वागविण्याजोगी झाली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड मिसेल याला १० जानेवारी १८९९ रोजी नळीच्या आकाराच्या विजेरीचे पेटंट मिळाले. घट दुबळे आणि दिव्यातील कार्बनची तार वीज खाणारी; म्हणून बटन क्षणभर दाबावे, लख्खकन उजेड पडला की सोडून द्यावे, असा तिचा वापर असे. अमेरिकेत तिला ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले ते यामुळेच. पुढे १९१० च्या सुमारास टंगस्टनची तार आली, तेव्हा कोठे विजेरी सलग जळू लागली.

या विजेरीचा मोठा गुण असा की, तिला निगा फारशी लागत नसे. कंदिलाची काच रोज पुसावी लागे, वात कातरावी लागे, रॉकेल भरावे लागे. विजेरीने ही चाकरी संपविली. जस्ताचे भांडेच रासायनिक क्रियेत झिजत असल्यामुळे जुना सेल गळे आणि आतील पत्रे गंजत, हा दोष होता खरा; परंतु सेल संपत आले की उजेड पिवळा पडून आगाऊ सूचना मिळे, आणि नवे सेल खेड्यातील वाण्याच्या दुकानीही मिळत.

पुन्हा भरता येणाऱ्या घटांचा इतिहास याहून जुना आहे. गास्तों प्लांते याचा शिशाचा संचायक घट १८५९ चा. स्वीडनच्या युंगनर याचा निकेल-कॅडमियम घट मिसेलच्या पेटंटच्याच वर्षीचा, म्हणजे १८९९ चा. असे घट विसाव्या शतकात कोळशाच्या खाणीतील मजुरांच्या टोपीवरील दिव्यांना चांगले उपयोगी पडले. त्याचे कारण घटाइतकेच खाणीच्या तोंडाशी असलेल्या दिव्यांच्या खोलीत होते. पाळी संपली की दिवा तेथे जमा होई, तपासला जाई, भरला जाई आणि मगच पुन्हा हाती पडे. झरिया-राणीगंजकडे नोकरी केलेल्यांना ही शिस्त ठाऊक असेल.

हाच घट घराघरांत आला तेव्हा ती खोली त्याच्याबरोबर आली नाही. भिंतीतील खटक्याला लावून भरावयाच्या, शिशाच्या घटाच्या विजेऱ्या आपल्याकडे पुष्कळ खपल्या. लोकांनी त्या सेलच्या विजेरीप्रमाणेच वापरल्या: काम झाले की कपाटात टाकल्या. शिशाचा घट रिकामा पडून राहिला की त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक धरतात आणि मग तो वीज घेईनासा होतो. भरलेला ठेवला तरी तो आपोआप हळूहळू रिता होतच असतो. अशा कित्येक विजेऱ्या वापराने नव्हे, तर विसाव्याने मेल्या.

त्यानंतर दोन मोठे शोध एकत्र आले. होलोन्याक याने १९६२ साली तांबडी एलईडी दाखविली होती. परंतु नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळी एलईडी सिद्ध केली, तेव्हाच पांढऱ्या उजेडाची वाट मोकळी झाली. या कार्याला २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लिथियम-आयन घट १९९१ मध्ये बाजारात आला होता. तारेच्या लहान दिव्यातून दर वॅटला दहा-बारा ल्यूमेन प्रकाश मिळे. चांगल्या एलईडीतून शंभराहून अधिक मिळतो. ती हजारो तास टिकते, विजेरी पडली तरी तारेप्रमाणे तुटत नाही.

म्हणजे दिवा अमर झाला आणि नाशवंतपणा सगळा घटाकडे गेला. लिथियमचा घट काही शे वेळा भरल्यावर त्याची धारणशक्ती कमी होते. उन्हात तापलेल्या मोटारीत पूर्ण भरलेला ठेवल्यास तो त्याहून लवकर म्हातारा होतो. प्रखर विजेरी स्वतःच्या उष्णतेने तापते, म्हणून तिच्यातील यंत्रणा काही मिनिटांनी उजेड उतरविते. शिवाय पुष्कळ विजेऱ्यांत उजेड अखेरपर्यंत एकसारखा राहतो आणि मग एकाएकी जातो. पिवळ्या पडणाऱ्या उजेडाची जुनी सूचना येथे नाही.

खोक्यावरील आकडेही समजून वाचावयास हवेत. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या मानकानुसार उजेड उतरून मूळच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा सारा काळ ‘चालण्याचा काळ’ म्हणून धरतात. झोताचा पल्ला मोजतात तो उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरेल तेथपर्यंत. आकडे खोटे नसतात. परंतु पहिल्या मिनिटाची प्रखरता आणि शेवटच्या तासाची मुदत एकाच वेळी मिळेल, असे समजणे चुकीचे आहे.

हा प्रश्न केवळ घरगुती नाही. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने ओडिशाच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी जी विजेरी भरलेली नसेल, ती भरणार कोठे? आपत्तीसाठी म्हणून खरेदी केलेल्या विजेऱ्या दप्तरी नोंदविल्या की काम संपले, असे मानणाऱ्या कार्यालयाकडे वादळाच्या रात्री नुसती नोंदवही उरते. दर तीन महिन्यांनी त्या भरून-पेटवून पाहाव्या, तारीख टिपून ठेवावी, घट बदलता येईल अशीच विजेरी घ्यावी, आणि जोडीला साध्या सेलच्या चार-दोन असू द्याव्या. कंदिलाची वात कातरण्याचे काम आपल्या मागे पुन्हा लागले आहे, एवढे ओळखले तरी पुरे.