हिसिला यमी : आर्किटेक्ट, भूमिगत, मंत्री आणि 'वहिनी'

आमच्या यवतमाळकडे पुढाऱ्याची बायको म्हणजे 'वहिनी'. मग ती डॉक्टर असो की वकील, नवरा मोठा झाला की तिची डिग्री लोक विसरतात. आज ज्या बाईंबद्दल लिहितोय त्या नेपाळच्या, पण त्यांचंही थोडंफार तसंच झालं. हिसिला यमी. माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराईंच्या पत्नी, शिक्षणाने आर्किटेक्ट.

खरं तर राजकारण त्यांच्या माहेरचंच. जन्म १९५९ चा, काठमांडूच्या नेवार घरातला. वडील धर्मरत्न यमी लेखक, राणाशाहीविरुद्ध तुरुंगात गेलेले. आई हीरादेवीही चळवळीतल्या. हिसिला दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये शिकल्या. बाबुरामही आर्किटेक्टच. १९८१ मध्ये लग्न झालं. मग ललितपुरात पुलचोकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर. म्हणजे बघा, आपल्याला वायवात छळणाऱ्या मॅडमसारखी पक्की नोकरी!

ती सोडून १९९६ मध्ये त्या भूमिगत झाल्या. फेब्रुवारीत माओवाद्यांचं सशस्त्र युद्ध सुरू झालं होतं. मुलगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची. त्या दहा वर्षांच्या युद्धात सुमारे १७ हजार माणसं गेली, त्यामुळे मला यात रोमँटिक काही दिसत नाही. विदर्भातल्या माणसाला तर नाहीच. गडचिरोली आम्हाला फार लांब नाही. नागपुरात समाजशास्त्र शिकवणाऱ्या अनुराधा गांधीही अशाच भूमिगत झाल्या आणि २००८ मध्ये मलेरियाने गेल्या.

पण हिसिलांची एक गोष्ट मला मानावी लागते. 'पार्वती' या टोपणनावाने त्यांनी स्वतःच्याच पक्षावर लिहिलं. बायका लढायला पुढे असतात, पण त्यांच्यावर लग्नाचं दडपण येतं, मूल झालं की त्या मागे पडतात आणि नेतृत्व पुरुषांकडेच राहतं, असा एकूण सूर. क्रांती करणाऱ्या पक्षातही घरचंच गणित! २००५ मध्ये प्रचंडांशी मतभेद झाले तेव्हा पक्षाने नवरा-बायको दोघांवरही कारवाई केली.

शांतता करारानंतर २००७ मध्ये त्या भौतिक योजना व बांधकाम मंत्री झाल्या. रस्ते, पाणी, म्हणजे अगदी शिकलेल्या विषयाला लागून असलेलं खातं. काठमांडूच्या पाणीपुरवठ्याचं व्यवस्थापन सेव्हर्न ट्रेंट या ब्रिटिश कंपनीकडे द्यायला त्यांनी विरोध केला आणि कंपनी बाहेर पडली. परदेशी कर्ज त्यावर अडलेलं असताना. निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो (मेलम्चीचं पाणी शहरात यायला २०२१ उजाडलं), पण निर्णय त्यांचा होता.

२००८ मध्ये त्या काठमांडूतून संविधान सभेवर निवडून आल्या, पुढे पर्यटन मंत्रीही झाल्या. २०११ मध्ये मात्र बाबुराम पंतप्रधान झाले आणि सगळं फिरलं. ते नेपाळात जोडलेल्या मुस्तांग गाडीतून फिरायचे, त्यांच्या साधेपणाचं कौतुक व्हायचं. टीका आली की रोख बायकोवर. नवरा साधा, वहिनीच कारभारी, हे आपल्याकडेही ऐकलंय की. दोन वेळा मंत्री झालेल्या बाईंना हे ऐकताना काय वाटलं असेल!

२०२१ मध्ये त्यांचं इंग्रजी आत्मचरित्र आलं. शीर्षक मराठीत सांगायचं तर 'हिसिला : क्रांतिकारक ते फर्स्ट लेडी'. त्यात आर्किटेक्ट नाही, मंत्रीही नाही.