‘जलवत् सम’ : युक्लिडचे प्रतल संस्कृतात येताना

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडातील सातवी व्याख्या प्रतलाची आहे. जे पृष्ठ स्वतःवरील सरळ रेषांशी समपणे पसरलेले असते ते प्रतल, असा तिचा स्थूल आशय. ‘समपणे’ म्हणजे नेमके काय, याचा उलगडा युक्लिड करीत नाही. पुढील सिद्धतांमध्ये या व्याख्येचा आधारही तो जवळजवळ घेत नाही. पाचव्या शतकात प्रोक्लसने आपल्या भाष्यात पर्यायी व्याख्या नोंदविल्या, यावरून ग्रीक परंपरेलाही ती अपुरी वाटत होती हे दिसते. मुळातच संदिग्ध असलेले असे वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतरकाराला ती संदिग्धता स्वतःच्या भाषेच्या साधनांनी भरून काढावी लागते. गणिताच्या भाषांतराकडे साहित्याच्या अभ्यासकाने वळावे ते अशा जागी.

संस्कृतात हे काम अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंह (१६८८–१७४३) यांच्या आश्रयाने पंडित जगन्नाथ सम्राट यांनी केले. त्यांच्यापुढे ग्रीक मूळ नव्हते. नसिरुद्दीन तुसी यांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेली अरबी आवृत्ती होती. ‘रेखागणित’ या नावाचे हे पंधरा अध्यायांचे भाषांतर पुढे मुंबई संस्कृत ग्रंथमालेत १९०१–०२ मध्ये छापले गेले. त्यात पृष्ठाला ‘धरातल’ ही संज्ञा आहे आणि धरातलाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक पाण्यासारखे सम, दुसरे विषम. युक्लिडच्या व्याख्येत पाणी नाही. ते कोठून आले हा पाठचिकित्सेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी संस्कृत वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास गणितपादात सांगूनच ठेवले होते की सपाटी पाण्याने साधावी आणि उभी दिशा ओळंब्याने. ‘सूर्यसिद्धान्ता’तही शंकू उभारण्यासाठी पाण्याने तपासून सम केलेले शिलातल घ्यावे, असे विधान आहे. शंकूखालची भूमी कलती असेल तर छाया चुकते आणि छाया चुकली की दिशाही चुकतात. म्हणजे ‘सम’ हा शब्द ज्योतिषाच्या अंगणातून, हाताने केलेल्या कामातून आलेला आहे.

अडचण अशी की पाण्याने साधते ती क्षितिजसमांतर सपाटी. युक्लिडला मात्र कोणत्याही कलाचे प्रतल हवे असते. भिंतही प्रतल आहे आणि छपराचा उतारही. अकराव्या खंडात प्रतले एकमेकांना छेदू लागतात, तेव्हा पाण्याची उपमा कामाला येत नाही. यात दोष केवळ संस्कृतचा नाही. ग्रीक ‘एपिपेदॉन’ या संज्ञेतच ‘पेदॉन’, म्हणजे जमीन, दडलेली आहे. अकराव्या खंडाच्या पहिल्याच सिद्धान्तात युक्लिड ‘खालच्या’ आणि ‘अधिक उंचावरच्या’ प्रतलाची भाषा वापरतो. शुद्ध भूमितीत खाली-वर असे काही नसते. पायाखालची जमीन तेथे नकळत डोकावते. अरबीत पृष्ठासाठी रूढ असलेल्या ‘सत्ह’ या शब्दाचा व्यवहारातील एक अर्थ घराचे सपाट छत असा आहे. जमीन, छत, पाणी : प्रत्येक भाषेने अमूर्ताला आपल्या परिसरातली एक सपाट वस्तू दिली.

त्यांपैकी पाणी सर्वांत फसवे. स्थिर द्रवाचे पृष्ठ हे पृथ्वीच्या केंद्राभोवतीच्या गोलाचा भाग असते, असे आर्किमिडीजने ‘तरंगत्या वस्तूंविषयी’ या ग्रंथात सिद्ध केले होते. याहून लक्षणीय गोष्ट जगन्नाथांच्या स्वतःच्या ग्रंथसंसारातली आहे. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ही त्यांनीच अरबीवरून ‘सिद्धान्तसम्राट’ या नावाने संस्कृतात आणला. समुद्रातून जाताना दूरचे डोंगर पाण्यातून हळूहळू वर येताना दिसतात, ते पाण्याच्या पृष्ठाला वक्रता असल्यामुळेच, हा युक्तिवाद टॉलेमीच्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. एकाच पंडिताच्या भूमितीत पाणी सपाटीचा आदर्श, तर त्याने हाताळलेल्या खगोलग्रंथात ते गोलाचा पुरावा. याला विसंगती म्हणणे उतावळेपणाचे होईल. उपमा थाळीतल्या किंवा कुंडातल्या पाण्याची आहे, समुद्राची नाही. तेवढ्या विस्तारात वक्रता डोळ्याला जाणवत नाही, आणि जेथे जाणवत नाही तेथेच उपमेची सत्ता चालते. मात्र ही मर्यादा उपमा स्वतः सांगत नाही. ती वाचकाला बाहेरून ठाऊक असावी लागते.

डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये प्रतलाची व्याख्या करण्याचेच सोडून दिले. बिंदू, रेषा आणि प्रतल यांचे परस्परसंबंध गृहीतकांनी बांधले की पुरे, अशी त्यांची भूमिका होती. वस्तू गेली तरी शब्द उरतातच. हिंदी आणि बंगालीत ‘समतल’ ही संज्ञा रूढ झाली. पदार्थविज्ञानाच्या हिंदी पुस्तकांत उताराला ‘आनत समतल’ म्हणावे लागते, म्हणजे झुकलेले सपाट. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘प्रतल’ या शब्दात ‘सम’ नाही. संस्कृत कोशांत ‘प्रतल’ म्हणजे बोटे पसरलेला उघडा तळहात, आणि तळहात कसाही कलता धरता येतो.