हिमसागराने राखलेले जहाज

‘एन्ड्युरन्स’ जहाजाचे अखेरचे चित्र १९१५ सालीच टिपले गेले, अशी शतकभर सर्वांची समजूत होती. दक्षिण ध्रुवाकडील वेडेल समुद्रात बर्फाने चिरडलेले हे जहाज २१ नोव्हेंबर १९१५ रोजी तळाशी गेले, आणि त्याची चित्रकथा तेथेच संपली असे मानले गेले. ५ मार्च २०२२ रोजी ही समजूत खोटी ठरली. ३००८ मीटर खोलीवर कॅमेऱ्याला जहाजाचा मागचा भाग दिसला आणि त्यावरचे नाव स्पष्ट वाचता आले.

सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे हे जहाज नॉर्वेतील सँडेफ्योर्ड येथे बांधले गेले व १९१२ साली पाण्यात उतरले. त्याचे मूळ नाव ‘पोलारिस’, म्हणजे ध्रुवतारा. शॅकल्टनने ते विकत घेतल्यावर आपल्या घराण्याच्या ब्रीदवाक्यावरून नवे नाव दिले. मागच्या बाजूला कोरलेला पाच टोकांचा तारा मात्र तसाच राहू दिला. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले. त्यावरील २८ जणांत फ्रँक हर्ली हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार होता. ध्रुवीय रात्रीच्या काळोखात बर्फाच्या उंचवट्यांमागे सुमारे वीस प्रकाशभडके उडवून त्याने टिपलेले जहाजाचे भुतासारखे पांढरे चित्र आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते.

२७ ऑक्टोबरला जहाज सोडावे लागले. हर्लीच्या काचेच्या निगेटिव्ह आतच राहिल्या होत्या आणि खालच्या भागात पाणी शिरले होते. काही दिवसांनी तो परत गेला, लाकडी भिंत फोडली, कपडे उतरवले आणि बर्फाळलेल्या पाण्यात बुडी मारून डबे बाहेर काढले. डबे डाक लावून बंद केलेले असल्याने काचा वाचल्या. पण खरी परीक्षा पुढेच होती. पुढचा प्रवास होड्यांनी करावयाचा, त्यामुळे ओझे कमी करणे भाग होते. शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसून एकेक काच उजेडात धरून पाहू लागले. सुमारे १२० ठेवल्या; जवळजवळ ४०० तेथल्या तेथे फोडल्या, कारण न फोडलेल्या काचेकडे मन पुन्हा वळले असते.

याच सुमारास शॅकल्टनने राणी अलेक्झांड्रा यांनी दिलेले बायबलही बर्फावर ठेवले. राणीच्या हस्ताक्षराचे पान, २३वे स्तोत्र आणि ईयोबाच्या ग्रंथातील हिमाचा उल्लेख असलेले पान एवढेच त्याने बरोबर घेतले. इतरांनीही आपले ओझे हलके करावे म्हणून नेत्याने स्वतः घालून दिलेला तो धडा होता. एका खलाशाला मात्र ते पाहवेना. त्याने तो ग्रंथ गुपचूप उचलून घेतला. शिस्त मोडणाऱ्या त्या खलाशाविषयी मला आदर वाटतो, हे येथे नमूद करतो.

पाण्याखाली कॅमेरा नेण्याचे प्रयत्न तोपर्यंत नवे नव्हते. १८५६ साली विल्यम थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या वेमथ उपसागरात पेटीबंद कॅमेरा सोडला होता. १८९३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर लुई बूताँ यांनी पाणबुड्याच्या वेषात छायाचित्रे घेतली. पण तीन किलोमीटर खोलीवर ना सूर्यप्रकाश, ना पाणबुड्या. २०१९ साली याच जहाजाच्या शोधात एक यंत्र बर्फाखालीच गमावले गेले. २०२२ साली दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास २’ या जहाजावरून लांब तारेला बांधलेली माणूसविरहित याने सोडली गेली. त्यांनी आधी ध्वनिलहरींनी तळ चाचपला, मग दिवे लावून चित्रे घेतली. कप्तान फ्रँक वर्स्ली याने साध्या उपकरणांनी नोंदवलेल्या जागेपासून जहाज अवघे चार मैल दक्षिणेला निघाले! ज्या दिवशी ते सापडले, त्याच तारखेला १०० वर्षांपूर्वी शॅकल्टनचे दफन झाले होते.

लाकूड एवढे कसे टिकले? आपल्या किनाऱ्यावरील होडीवाल्यांना लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्याची ओळख करून द्यावयास नको. अंटार्क्टिकाभोवती मात्र लक्षावधी वर्षांत झाडच नाही, आणि खंडाला वेढणारा थंड प्रवाह बाहेरच्या किड्यांना अडवतो. संशोधकांनी तेथील तळावर देवमाशाची हाडे व ओक-पाइनच्या फळ्या वर्षभराहून अधिक काळ ठेवून पाहिल्या. हाडांवर कृमींची दाटी झाली, फळ्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. जहाज सापडण्यापूर्वी नऊ वर्षे.

म्हणून चित्रांत जहाज सरळ बसलेले दिसते. डोलकाठ्या कोसळल्या आहेत, दोरखंड गुंतले आहेत, पण कडांवर समुद्रफुले उमलली आहेत, स्पंज व तारामासे चिकटले आहेत. वेडेल समुद्राचे पाणी कमालीचे स्वच्छ. १९८६ साली तेथे सोडलेली पांढरी तबकडी सुमारे ८० मीटरपर्यंत दिसत राहिली होती. खोल काळोखात दिव्यांचा उजेड दूरवर पोचतो तो याच निर्मळपणामुळे.

परंतु गार पाणी माणसांनाही राखते, आणि तेथे कॅमेऱ्याचा हक्क संपतो असे मला वाटते. १० नोव्हेंबर १९७५ रोजी लेक सुपीरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ जणांसह बुडाले. १९९४ साली तेथे गेलेल्या एका मोहिमेने एका मृतदेहाचे चित्रण केले. कुटुंबे व्यथित झाली, आणि त्यांचे काय चुकले? आपल्या वडिलांची उघडी कबर पडद्यावर पाहावी असे कोणास वाटेल? पुढे कॅनडातील ओंटारिओ प्रांताने तेथे परवान्याविना जाण्यास बंदी केली. १९९५ साली कुटुंबांच्या इच्छेनुसार जहाजाची घंटा वर आणली गेली आणि तिच्या जागी २९ नावे कोरलेली दुसरी घंटा ठेवण्यात आली.

एन्ड्युरन्सवर तशी कबर नाही. तिच्यावरचे सर्व २८ जण जिवंत परतले. तरीही शोधकांनी एक खिळाही उचलला नाही, कारण अंटार्क्टिक करारानुसार हे जहाज संरक्षित आहे. त्यांनी फक्त चित्रे आणली, सुमारे २५,०००. त्यांतून तयार केलेली जहाजाची त्रिमितीय प्रतिमा २०२४ साली प्रसिद्ध झाली. तीत जेवणाच्या बशा दिसतात, एक बूट दिसतो, आणि डेकवर इशाऱ्याचे एक पिस्तूल दिसते. जहाजाला निरोप देताना हर्लीने एक बार उडवला आणि पिस्तूल डेकवरच ठेवले, अशी नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे.