शेरू माझ्यासमोर झुकला नव्हता

सोसायटीच्या पार्किंगमधून घरी आणलेला शेरू वर्षाचा झाला आणि जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरायला लागला. मी एका व्हिडिओत उपाय शोधला. कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरा, घरातला 'अल्फा' कोण ते त्याला कळू द्या. मी तसं केलं. शेरूने मान फिरवली, कान मागे टाकले, ओठ चाटले आणि गप्प पडून राहिला. मला वाटलं, जमलं.

त्यानंतर त्याचं गुरगुरणं थांबलं. काही दिवसांनी मी भांडं उचलायला गेलो, तर काहीही इशारा न देता त्याने माझ्या हाताला दात लावले. मग मात्र हा 'अल्फा' आला कुठून ते मी वाचायला घेतलं.

१९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास छापला. शेपटी, कान, ओठ, सगळ्याची बारीक नोंद त्यात होती. पण लांडगे कोंडलेले होते. भांडण झालं तर निघून जायला जागाच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर, टेस्टिंगची जागा चुकीची. त्यातून 'कळपात सतत सत्तेसाठी मारामारी असते' हे चित्र तयार झालं. १९७० साली डेव्हिड मीच यांच्या लांडग्यांवरच्या पुस्तकाने ते दूरवर पोचवलं. १९७८ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातल्या साधूंनी कुत्रे शिकवण्यावर पुस्तक लिहिलं आणि पाठीवर पाडायची शिक्षा घरोघरी गेली.

पुढे डेव्हिड मीच स्वतःच कॅनडाच्या एल्समीर बेटावर १९८६ पासून रानातले लांडगे बघायला जाऊ लागले. तिथे कळप म्हणजे साधं कुटुंब होतं : आईबाप आणि त्यांची पिल्लं. १९९९ मध्ये त्यांनी लिहिलं की अशा कुटुंबाला 'अल्फा' हा शब्द लागू पडत नाही. नमतं घेणारा लांडगा आपणहून पाठीवर लोळतो. मठातल्या साधूंनीही नंतर तो सल्ला मागे घेतला.

गंमत म्हणजे, कुत्र्याचं अंग कसं वाचायचं हे डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. अनोळखी माणसावर धावून जाणारा कुत्रा ताठ होतो, शेपटी वर धरतो. तोच माणूस आपला मालक आहे हे कळताच अंग खाली झुकतं, वळवळतं, शेपटी सैल हलते. भावना उलट, म्हणून देहही उलट. म्हणजे एकट्या शेपटीवर जाऊ नका, अख्खा कुत्रा बघा.

तसं बघितलं असतं तर शेरूचे कान आणि ओठ मला तेव्हाच कळले असते. तो मला मानत नव्हता, घाबरला होता. आणि गुरगुरणं हा उद्धटपणा नव्हता, 'जवळ येऊ नकोस' एवढंच तो सांगत होता. ते सांगणंच मी बंद पाडलं होतं.

आता तो जेवत असताना मी लांबूनच चिकनचा तुकडा भांड्याकडे टाकतो आणि पुढे जातो. परवा माझी चाहूल लागली तेव्हा त्याने मान वर केली. अंग सैल होतं, शेपटीही. मी तरी हात पुढे केला नाही.