बायोस-प्रवेश (संगणक जुळणी)

बायोस-प्रवेश : सुटे भाग जोडून तयार केलेल्या डेस्कटॉप संगणकात मदरबोर्डवरील मूळ आज्ञावलीच्या मांडणी-पडद्यापर्यंत, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘सेटअप’पर्यंत, पोहोचण्याची क्रिया आणि तीत येणाऱ्या अडथळ्यांचे निदान. ‘बायोस उघडत नाही’ ही तक्रार वरवर एकच दिसत असली, तरी तिच्याखाली तीन निरनिराळे दोष दडलेले असतात : संगणक प्राथमिक चाचणीच पार करत नाही, चाचणी पार होते पण चित्र पडद्यावर येत नाही, किंवा चित्र येते पण कळ दाबल्याचे आज्ञावलीला कळत नाही. यांपैकी नेमका कोणता दोष आहे हे ठरवण्यापूर्वीच सेल काढणे किंवा बायोस नव्याने लिहिणे हा बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचा आरंभ असतो.

बायोस ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम या कार्यप्रणालीच्या संदर्भात १९७५ च्या सुमारास रूढ केली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आल्यावर ती सर्वतोमुखी झाली. त्या पहिल्या यंत्रात सेटअपचा पडदाच नव्हता; मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती हे बोर्डावरील बारीक खटक्यांनी सांगावे लागे. १९८४ च्या पीसी/एटीत ही माहिती सेलवर जिवंत राहणाऱ्या सीमॉस मेमरीत गेली, पण ती भरण्यासाठी वेगळी फ्लॉपी लागे. कळ दाबून सेटअप उघडण्याची सोय इतर उत्पादकांनी रूढ केली. त्यांपैकी अमेरिकन मेगाट्रेंड्स या कंपनीच्या संस्थापकांत सुब्रमोनियन शंकर हे भारतीय वंशाचे अभियंते होते. २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झाल्यानंतर जुन्या बायोसची जागा हळूहळू यूईएफआयने घेतली; आज विकल्या जाणाऱ्या बोर्डांवर काटेकोर अर्थाने बायोस नसतोच, तरी बोलण्यात आणि बोर्डाच्या खोक्यावरही तोच शब्द टिकून आहे.

जुळणीची परिस्थिती निदानाची पद्धत ठरवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानात कारागिराच्या हाताशी जादा रॅम, जादा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि चालू असलेला दुसरा मॉनिटर असतो, त्यामुळे तो भाग बदलून पाहतो आणि दोषी भाग काही मिनिटांत बाजूला काढतो. छत्तीसगडमधील भिलाईच्या सेक्टर १० मध्ये घरी संगणक जुळवणाऱ्याची गोष्ट वेगळी असते. १९५५ च्या भारत–सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा हा भाग आहे. अशा ठिकाणी भागांचा संच बहुधा एकच असतो आणि बदली भाग रायपूर किंवा नागपूरहून, नाहीतर कुरियरने यावा लागतो. म्हणून येथे अदलाबदलीपेक्षा वगळण्याची पद्धत, म्हणजे एकेक भाग काढून घेत यंत्र किमान अवस्थेत आणणे, अधिक उपयोगी ठरते.

बायोस उघडण्यासाठी एसएसडी, हार्ड डिस्क किंवा विंडोज यांपैकी कशाचीच गरज नसते, हे नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. उलट, डिस्क नसलेला नवा संगणक बहुतेक वेळा आपणहून सेटअपमध्येच जाऊन थांबतो. त्यामुळे बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्यापूर्वी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी एवढ्यावर चाचणी घेणे शहाणपणाचे असते. कॅबिनेटचे बटण अजून जोडलेले नसल्याने बोर्डावरील पॉवर स्विचच्या दोन पिनांना पेचकसाचे टोक क्षणभर टेकवून यंत्र सुरू करतात. पंखे फिरले म्हणजे बोर्ड चालू झाला असे समजणे मात्र चुकीचे आहे, कारण प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वेगळी केबल बसवायची राहिली असली तरी पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो.

यंत्र प्राथमिक चाचणीत, म्हणजे ‘पोस्ट’मध्ये, कोठे अडकले हे अलीकडच्या अनेक बोर्डांवरील चार बारीक दिवे सांगतात; प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांपैकी ज्याचा दिवा पेटून राहतो तेथे शोध घ्यावा. बूटचा दिवा राहिला तर घाबरण्याचे कारण नाही, कारण डिस्क न सापडल्याची ती खूण असून सेटअप तेथून उघडतो. दिवे नसलेल्या बोर्डाला छोटा बझर जोडल्यास शिट्ट्यांवरून अंदाज येतो. अवॉर्ड कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्सचा दोष. रॅमचा दिवा पेटणे हा सर्वांत नेहमीचा प्रकार होय. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या साधारणतः प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, आणि खाचेच्या टोकाची खिट्टी कट्‌ असा आवाज करून मिटली नसेल तर पट्टी वरून बसल्यासारखी दिसूनही आतून सुटी असते. जुन्या रॅमचे सोनेरी संपर्क शाळेच्या खोडरबराने पुसण्याची दुकानांतील रीत कामास येते, फक्त रबराचा चुरा खाचेत पडू देता कामा नये. डीडीआर५ रॅमच्या बाबतीत मात्र धीर हाच उपाय असतो : पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमच्या वेळा जुळवून घेतो, त्यास काही मिनिटे लागू शकतात, आणि या काळ्या पडद्याला कंटाळून वीज बंद केली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

प्रोसेसर नवा आणि बोर्डावरील बायोस जुना असेल तर पोस्ट होतच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर आधीच्या बी४५० बोर्डांवर बसत असत, पण बायोस अद्ययावत केल्याखेरीज चालत नसत. दुकानाच्या फडताळावर पडून राहिलेला स्वस्त बोर्ड घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येई. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचे बटण असते. असा बोर्ड थोडा महाग पडला तरी, ज्या गावात उसना प्रोसेसर मिळण्याची खात्री नाही तेथे तोच घ्यावा.

चारही दिवे विझले आणि तरीही पडदा काळा असेल, तर दोष चित्राच्या वाटेत आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यांत, तसेच रायझन ५ ५६०० सारख्या प्रोसेसरांत, अंगभूत ग्राफिक्स नसते. अशा वेळी एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागील खाचेत लावली तर पडद्यावर काहीच येणार नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच लावावी लागते. डिस्प्लेपोर्टने जोडलेल्या पडद्यावर विंडोज दिसते पण सेटअप दिसत नाही, असाही प्रकार घडतो. मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांच्या कार्डांतील अशा दोषासाठी एनव्हिडियाने २०१८ मध्ये कार्डाचे फर्मवेअर सुधारणारे साधन दिले होते. तात्पुरती एचडीएमआय केबल लावून पाहणे ही याची सोपी पारख. काही मॉनिटर जागे होण्यास इतका वेळ घेतात की तोवर कळ दाबण्याची संधी निघून गेलेली असते.

कळीचा दोष सर्वांत किरकोळ आणि सर्वांत जास्त छळणारा असतो. असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एसरॉक यांच्या बोर्डांवर डिलीट ही कळ चालते, काहींवर एफ२ देखील. यंत्र सुरू होताच ती एकदाच दाबून न धरता सारखी टकटक दाबत राहावी. बिनतारी किंवा ब्लूटूथ कीबोर्ड, यूएसबी हब, कॅबिनेटच्या पुढील खाच हे सर्व टाळून साधा तारेचा कीबोर्ड बोर्डाच्या मागील यूएसबी २ खाचेत लावला की निम्म्या तक्रारी मिटतात, असे म्हणण्यास हरकत नाही. सेटअपमधील फास्ट बूट चालू असेल तर आज्ञावली कीबोर्डाची ओळख पटवून घेणेच वगळू शकते आणि मग कोणतीही कळ ऐकली जात नाही. विंडोज उघडत असल्यास या कोंडीतून आतूनच वाट काढता येते : सेटिंग्जच्या रिकव्हरी विभागातून अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टअप, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि शेवटी यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज निवडल्यास संगणक पुन्हा सुरू होऊन थेट सेटअपमध्ये जातो.

सीमॉस पुसणे हा यानंतरचा उपाय आहे. रॅमचा वेग वाढवल्यामुळे, चुकीच्या मांडणीमुळे किंवा विसरलेल्या पासवर्डमुळे वाट बंद झाली असेल तेव्हा तो लागू पडतो. विजेची केबल काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जिरवावा आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना पेचकसाने काही सेकंद जोडाव्यात, किंवा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटण सेल पाचेक मिनिटे काढून ठेवावा. यानंतर घड्याळ आणि डिस्कची मांडणी मूळपदावर येते, आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असल्यास विंडोज पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. ती आधी कोठेच जतन केलेली नसेल तर बायोस उघडूनही डिस्कवरील माहिती हाती लागत नाही.

बायोस नव्याने लिहिताना यूपीएस असणे आवश्यक मानावे, कारण लिहिता-लिहिता वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट आज्ञावली उरते. दुहेरी बायोस असलेले बोर्ड यातून स्वतःच सावरतात, पेन ड्राइव्हचे बटण असलेले बोर्ड पुन्हा लिहिता येतात, आणि उरलेल्यांसाठी सीएच३४१ए सारखा प्रोग्रामर लागतो, ज्याचा आठ पायांचा चिमटा थेट चिपला लावून आज्ञावली भरली जाते. मात्र चिप १.८ व्होल्टची असल्यास मध्ये व्होल्टेज उतरवणारा जोड लावल्याशिवाय हा चिमटा लावू नये.