चार पुड्यांपासून देशभर : 'लिज्जत'च्या वाढीचे गणित

लहान उद्योग सुरू करण्यापेक्षा तो वाढविणे अवघड, असे व्यापारी वर्तुळात नेहमी म्हटले जाते. मागणी वाढली की भांडवल अपुरे पडते, हात वाढले की दर्जा घसरू लागतो आणि व्याप वाढला की मूळ मालक कामापासून दुरावतो. 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या संस्थेची वाटचाल या तिन्ही अडचणींचा वस्तुपाठ ठरावी अशी आहे.

उसनवारीचे भांडवल

15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते सामाजिक कार्यकर्ते छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी पापडाच्या चार पुड्या तयार झाल्या व त्या भुलेश्वरमधील एका व्यापाऱ्याला विकण्यात आल्या. देणगी स्वीकारायची नाही, हा निर्णय प्रारंभीच झाला. दोन प्रतींचे पापड करून त्यातील एक स्वस्तात विकण्याचा विचारही मागे पडला. पारेख यांनी एकाच, उत्तम दर्जाचा आग्रह धरला होता.

पहिली मोठी अडचण निसर्गाने आणली. पावसाळ्यात पापड वाळेनात, त्यामुळे पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेण्यात आला. खाटेवर पापड आणि खाली पेटता स्टोव्ह, या साध्या युक्तीमुळे काम बारमाही झाले. पहिल्या वर्षाची विक्री 6 हजार 196 रुपये होती.

विस्तारातील ठेचा

विस्ताराचे पहिले प्रयत्न फसले. 1961 मध्ये मालाड येथे आणि 1966 मध्ये सांगली येथे शाखा काढण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. 1968 मध्ये गुजरातमधील वालोड येथे मात्र शाखा रुजली. दरम्यान 1966 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आणि 8 लाख रुपयांचे खेळते भांडवल मिळाल्याने वाढीला बळ आले.

पापडाखेरीज इतर उत्पादनांचा अनुभव संमिश्र आहे. मसाल्यांनी बाजारात जम बसवला. 1979 मध्ये हाती घेतलेले चामड्याच्या वस्तू, आगपेट्या व अगरबत्ती हे उपक्रम मात्र टिकले नाहीत.

एकच चव, हजारो हात

हजारो घरांत लाटलेल्या पापडाची चव एकसारखी राखणे हे सर्वांत कठीण काम. त्यासाठी कच्च्या मालाची खरेदी मध्यवर्ती पातळीवर होते आणि संस्थेच्या स्वतःच्या पिठाच्या गिरण्या आहेत. शाखेत भिजवलेले पीठ वजन करून महिलांना दिले जाते. त्या घरी पापड लाटून, वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देतात. तेथे दर्जाची तपासणी होते आणि लाटण्याचा मोबदला दिला जातो. या मोबदल्याला संस्थेत 'वणाई' म्हणतात. लाटण्याचे काम यंत्राकडे सोपविले तर उत्पादन वाढेल. पण ज्या महिलांसाठी संस्था उभी राहिली, त्यांचेच काम जाईल. म्हणूनच पापड आजही हातानेच लाटले जातात.

मालकी कोणाची?

येथे काम करणारी प्रत्येक महिला 'बहीण' म्हणून ओळखली जाते आणि ती संस्थेची सहमालक असते. पुरुष पगारी कर्मचारी असू शकतात, सदस्य नाहीत. 21 सदस्यांची मध्यवर्ती समिती कारभार पाहते. नफा आणि तोटा दोन्ही बहिणींमध्ये वाटले जातात. या पद्धतीत निर्णयाला वेळ लागतो, हे खरे. पण घराबाहेर नोकरी करणे शक्य नसलेल्या महिलेच्या हाती स्वतःची कमाई येते, आणि तिला मालकीचा अधिकारही मिळतो.

संस्थापक सदस्यांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. त्या सुमारास संस्थेत सुमारे 45 हजार महिला काम करीत होत्या आणि वार्षिक उलाढाल 1 हजार 600 कोटी रुपयांच्या घरात होती. बाहेरचा भागीदार न घेता, मालकी लाटणाऱ्या हातांतच ठेवून हा पल्ला गाठला गेला, हे या वाढीचे खरे वैशिष्ट्य होय.